काचघरातली मिरवणूक

मित्रांनो, मी वहीच्या पानाएवढी एक जुनी काच आहे. मला उजेडासमोर धरलेत तर माझ्यात माणसे दिसतील, पण सगळी उलट रंगांची. काळे केस पांढरे आणि गोरे गाल काळे! माझ्यासारख्या काचेवरूनच पूर्वी कागदावर फोटो उमटवत.

किंगारी गावात हेस्टर क्विल नावाच्या बाई फोटोचे दुकान चालवीत. मी त्यांची. सोन्याच्या खाणींचे ते गाव. दर ईस्टरला तिथे इस्पितळाच्या मदतीसाठी मिरवणूक निघे. पुढे बँड, मागे खाणकामगार आणि आगीचे बंबवाले, आणि सर्वांत शेवटी चिनी वस्तीचा लांबलचक रेशमी ड्रॅगन. त्याला बघायला माणसे छपरांवर चढून बसत.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी चिनी वस्तीतला भाजीवाला लम सून दुकानात आला.

“बाई, माझा एक फोटो काढा की.”

“उद्या मिरवणुकीचा काढणारच आहे मी.”

“त्यात मी दिसणार कुठं? मी ड्रॅगनच्या मुंडक्याखाली असतो. आमची रूबी रुसून बसलीय. म्हणते, सगळ्यांचे बाबा मिरवणुकीत असतात, तुम्हीच नसता.”

हेस्टरबाईंना हसू आले. “हॉटेलच्या कोपऱ्यावर आलात की मुंडकं वर उचला. आणि हलू नका हं, नाहीतर नाकाच्या जागी ढग येईल!”

दुसऱ्या दिवशी लम सूनने तसेच केले. अवजड मुंडके त्याने दोन्ही हातांनी वर धरले. घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा हसरा. त्या क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडली आणि सगळा रस्ता उजेड होऊन माझ्यावर आला.

फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लागला. छोटी रूबी टाचा उंचावून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “हे बघा, माझे बाबा!”

“अगं, त्यांना तर ड्रॅगनने गिळलंय,” कुणीतरी चिडवले.

“गिळलं नाही काही! बाहेर येतायत ते!”

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे खाणी आटल्या. चिनी वस्तीतली घरे एकेक करून रिकामी झाली. मिरवणूक बंद पडली. लम सून वारला. त्याच्या घरातला फोटो ओढ्याच्या पुरात गेला. हेस्टरबाईही गेल्या आणि आम्हा काचांची पेटी एर्नी पास्को या माळ्याने घेतली. त्याला टोमॅटोसाठी काचघर बांधायचे होते. गरम पाण्याने आणि सोड्याने त्याने माझ्या बहिणींना घासून लख्ख केले. लग्ने, बाळे, पहिलवान, सारे मोरीतून वाहून गेले. माझी पाळी आली तेव्हा तो दमला होता. “ही अवजारांच्या खोलीला लावू. फावड्याला कुठं ऊन लागतं!” असे म्हणून त्याने मला न घासताच खिडकीत बसवले. कित्येक वर्षे मी तिथे धूळ खात राहिले.

एके सकाळी टोमॅटोची रोपे न्यायला रूबी आली. ती आता आजी झाली होती. त्या दिवशी ती घुश्शात होती. इस्पितळाच्या शंभर वर्षांचे पुस्तक निघत होते आणि त्यात मिरवणुकीतल्या चिनी माणसांचे नावही नव्हते.

“मी सांगायला गेले तर पुस्तकवाले म्हणाले, आठवणी काय, कुणीही सांगतं. पुरावा आणा,” ती एर्नीला सांगत होती. बोलता बोलता ती थांबली. माझ्यामागे ऊन होते.

“काच मळलीय गं, ठाऊक आहे मला,” एर्नी ओशाळून म्हणाला.

“मळली नाही रे. माझे बाबा आहेत हे.”

एर्नीने जवळ येऊन डोळे बारीक केले. मग त्याने मला चौकटीतून अलगद काढले आणि खिडकीला गोणपाट लावले.

माझ्यावरून उमटवलेला मोठा फोटो इस्पितळात लागला. पुस्तकातले मिरवणुकीचे पान नव्याने छापावे लागले. लोक फोटोपुढे गर्दी करू लागले. ड्रॅगनची शेपटी धरायला त्या दिवशी एक माणूस कमी पडला होता, म्हणून ती एका बंबवाल्याने धरलेली फोटोत दिसत होती. हे सगळे गाव विसरले होते! “अगंबाई, हे तर आमचे विल्फ्रेडकाका!” त्या बंबवाल्याकडे बोट दाखवून एक नर्स ओरडली. रूबी ज्याचे त्याचे नाव खाली लिहीत गेली.

पण माझ्या डाव्या कडेला, एका दुकानाच्या ओसरीवर, कडेवर बाळ घेतलेली एक बाई उभी आहे. तिला ओळखणारे कुणीच आले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो ओलीपासून जपा. पण तेवढ्यावर थांबू नका. मोठी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा, हे कोण, ते कोण, आणि फोटोमागे नावे लिहून ठेवा. कारण ती बाई अजून थेट माझ्याकडे बघते आहे, आणि तिला कोणत्या नावाने हाक मारावी, हे मला ठाऊक नाही.