एका सहीसाठी डब्लिन

आई, वडील आणि मी, आम्ही तिघं आयुष्यात पहिल्यांदा परदेशात गेलो, आणि कारण एकच होतं: बहिणीला लुटणे. व्हिसाच्या अर्जात 'कौटुंबिक भेट' लिहिलं, कारण लुटीचा रकाना नव्हता.

हर्षालीताई डब्लिनला नर्स आहे. आज्याला लकवा मारला तेव्हा दोन वर्षं त्याचं सगळं तिनंच केलं. म्हणून जाताना त्यानं आमच्या तेर गावच्या शिवारातला विहिरीकडचा चार एकरांचा तुकडा तिच्या नावावर केला. बाकीचं कोरडं रान माझ्यासाठी, म्हणजे रणधीरसाठी. मला बघायला उमरग्याहून पाहुणे आले, त्यांनी चहाच्या आधी सातबारा बघितला. मुलीचे वडील अमरसिंहकाका म्हणाले, "विहीर बहिणीची अन् नुसता पोरगा आमचा, हे जमायचं न्हाय." थोडक्यात, विहीर माझ्या नावावर झाली तर लग्न, नाहीतर नमस्कार.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, ताईला फोन केला. "मला कुलमुखत्यार कर, म्हंजी तुझ्या वतीनं सही मला करता येईल. बाकीचं मी हितं बघतो." ताई म्हणाली, "कागद घेऊन तिघंही या. वकिलातीत दोन साक्षीदार लागतात, आई अन् रणधीर होतील. तिकिटं मी काढते. फक्त मला तोंडावर मागायचं."

तिकिटं खरंच आली. स्वतःला लुटायला येणाऱ्यांचं भाडं भरणारी माझी बहीण जगात पहिलीच असावी. आईचा पासपोर्ट निघाला तो असा, साक्षीदार म्हणून. कागदांची पिशवीही तिच्याच मांडीवर दिली.

विमानतळावर ताई आली, कुणाच्या पाया पडली नाही. म्हणाली, "चपला बाहेर काढायच्या. हीटरला हात लावायचा न्हाय." घर अजून वीस किलोमीटर लांब होतं.

चार दिवस ती रोज ड्युटीला जाताना विचारायची, "अप्पा, काय मागायचंय?"

अप्पा खिडकीबाहेर बघायचे. "हितं पाऊस लई हाय."

"माहीताय मला."

"सोयाबीनला मानवला असता."

ताई दार आपटून जायची. मग अप्पा तिचा फ्लॅट पावलांनी मोजायचे. "अर्धा गुंठा बी न्हाय," ते समाधानानं सांगायचे. "अर्ध्या गुंठ्यात राहती, हिला चार एकर कशाला?" आईनं नेलेली शेंगदाण्याची चटणी ताईनं न उघडता शेजारच्या आयरिश म्हातारीला दिली. म्हातारी ठसका लागून रडत, तरी हसून थँक्यू म्हणत डबा परत करायला आली. त्या आठवड्यात आमच्याशी प्रेमानं वागलेली ती एकटीच.

पाचव्या दिवशी वकिलात. परतीचं विमान दुसऱ्या पहाटेचं. खिडकीपाशी पोचल्यावर ताई म्हणाली, "मागा."

मागं रांग होती. अप्पा म्हणाले, "त्यात मागायचं काय? घरचंच हाय."

"मग घरीच जावा."

अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी आयुष्यात बायकामाणसाकडं कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, नुसता हात पुढं करायचे. आता हातही पुढं येईना.

"रणधीरचं लगीन अडलंय," ते शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले. "दे."

"काय?"

"विहीर."

"आणा कागद."

आईनं पिशवीतून कागद काढला. पाचशेचा स्टँपपेपर, टाईप केलेला, आणि चारही बाजूंनी कडक लॅमिनेशन केलेला. ताईनं पेन टेकवलं. पेन घसरलं.

"हे कुणी केलं?" अप्पा म्हणाले.

"म्याच," आई म्हणाली. "येडशीच्या झेरॉक्सवाल्याकडून. तिकडं पाऊस लई असतो, रणधीर म्हणला हुता."

"आता सही कुठं करायची?"

"मला काय माहीत. तुमीच घरातला समदा कागद लॅमिनेशन करता. राशन कार्ड केलं. मामंजींच्या मयताचा दाखला केला."

साक्षीदार या नात्यानं सांगतो, हे खरं होतं. आमच्याकडं लाईटबिलसुद्धा लॅमिनेशन केलेलं आहे.

खिडकीतले साहेब भले होते. म्हणाले, साधा कागद चालतो, स्टँपचं भारतात गेल्यावर बघा. बाराला खिडकी बंद होते, त्याआधी लिहून आणा. मी बाकड्यावर बसून जुन्या कागदावरून नवा उतरवला. लॅमिनेशनमुळं अक्षरं स्वच्छ दिसत होती.

ताईनं साहेबांसमोर सही केली, कागद फाटतो की काय इतक्या जोरात. "घ्या. आता मला कुणी फोन करायचा न्हाय."

मी साक्षीदार क्रमांक एक म्हणून सही केली. लाज वाटली, पण सहीत ती दिसत नाही.

साक्षीदार क्रमांक दोन कडूबाई, म्हणजे आई. तिनं कागद उचलला, बोट फिरवत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"सही कर की," अप्पा म्हणाले.

"करते. पण बाहेर पाऊस हाय, भिजंल. आधी लॅमिनेशन करून आणते."

सव्वाअकरा वाजले होते. अप्पांनी पिशवीसाठी हात पुढं केला. ताईनं पाच दिवसांत पहिल्यांदा आईकडं नीट बघितलं.

"आई, हितं लॅमिनेशनचं दुकान लई लांब हाय."

"मग दमानं जाऊ," आई म्हणाली, आणि तिनं पिशवी काखेत मारली.