प्रॉम्प्टरचा लॅपटॉप

मित्रांनो, माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे, 'म'च्या बटणावरचे अक्षर झिजून गेले आहे आणि माझा पंखा फिरू लागला की शेजारच्या खोलीतही कळते. असा मी एक जुना लॅपटॉप आहे.

नवा होतो तेव्हा माझा थाट होता. या घरातल्या मुलीने पहिल्या नोकरीत मला घेतले. ती एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. "बघ आई, किती पातळ आहे!" असे म्हणत तिने मला टेबलावर ठेवले होते, ते मला अजून आठवते. पुढे दरवर्षी नवनवे प्रोग्राम आले, प्रत्येक आधीच्याहून जड. मी धापा टाकू लागलो. एक दिवस माझी रवानगी कपाटात, जुन्या चादरींखाली झाली.

मुलीचे बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआड उभे राहायचे आणि कुणी संवाद विसरले की फक्त पहिला शब्द हळूच पुरवायचा. पुढचे वाक्य नट आपोआप बोलून जाई. आई त्याच कंपनीतली नटी. म्हातारपणी घशाच्या आजारात बाबांचा आवाज गेला. पाटीवर लिहून दाखवावे, तर आईची नजर तोवर इतकी अधू झाली होती की तिला अक्षरच लागेना. एकाला बोलता येईना, दुसरीला वाचता येईना. तेव्हा कपाटातून मला बाहेर काढले. बाबांनी टाइप करायचे आणि मी मोठ्याने वाचायचे.

पण मी मंद. माझा आवाज फुटेपर्यंत आईचा चहा निवून जाई.

"अहो, चहात साखर आहे की नाही, एवढं सांगायला इतका वेळ?" आई कुरकुरायची. "लग्नाचं विचारलंत तेव्हासुद्धा याहून लवकर बोलला होतात!"

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मुलगी माझ्यासमोर बसली. "बाबा, याच्या अंगावरचं ओझं उतरवते. मूळ प्रणाली लिनक्सच राहू दे, पण इतका भपका नको. हलकं सेशन घालू."

सेशन म्हणजे, मित्रांनो, मी जागा झालो की माझ्याबरोबर कामाला लागणारी सगळी मंडळी. मुलीने एकेकाच्या नावापुढची खूण काढायला सुरुवात केली. एका नावापाशी बाबांनी तिचा हात धरला आणि टाइप केले, "हा काय करतो?"

"पॉवर मॅनेजर. बॅटरीवर लक्ष ठेवतो. संपत आली की सांगतो."

"म्हणजे माझ्याच जातकुळीतला. पडद्यामागे उभा."

"हो, पण तुमचा लॅपटॉप कायम टेबलावर, वायर लावलेला. नाटकच नाही तर प्रॉम्प्टर कशाला?"

आईसकट तिघेही हसले. खूण गेली. तो बिचारा एक शब्द न बोलता निघून गेला आणि मीही त्याच्या बाजूने काही बोलू शकलो नाही. समोर टाइप केलेले वाचायचे, एवढेच माझ्या हातात.

मी मात्र खरेच तरतरीत झालो. बाबांनी बोट उचलायच्या आत माझा आवाज निघे. "आता उलटून बोलायला लागला मेला!" असे आई म्हणे, पण दिवसभर त्यांच्याशी भांडत बसे. घर पुन्हा बोलके झाले.

मग आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. दिसेल की नाही, डॉक्टर खात्रीने सांगत नव्हते. बाबांनी मला पिशवीत घालून दवाखान्यात आणले. वायर घरी टेबलावरच राहिली. ती कधी काढावीच लागली नव्हती, तर आठवण कुणाला होणार?

मुलगी औषधे आणायला खाली गेली. डोळ्यांत थेंब घातलेली आई पलंगावर पडून होती.

"अहो, बोला ना काहीतरी."

"पहिल्या अंकाआधीही तुझे हात असेच गार पडायचे," मी वाचले. आई हसली.

माझ्यातली वीज ओसरत चालली होती. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? सांगणारा तर आम्ही काढून टाकला होता. बाबा मान खाली घालून सावकाश टाइप करत होते, पुसत होते, पुन्हा टाइप करत होते. मग त्यांनी बटण दाबले.

"मला..." मी म्हणालो आणि विझलो.

मी पूर्ण वाक्य पाहिले होते. "मला फार भीती वाटते आहे. आज तू मला धीर दे."

 जन्मभराच्या सवयीने आईने पुढचे वाक्य स्वतःच म्हटले. "मला ठाऊक आहे, सगळं नीट होणार. हेच ना?"

बाबांनी माझे बटण दोनतीनदा दाबून पाहिले. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. मग त्यांनी आईचा हात एकदा दाबला. म्हणजे हो. तेवढ्यात तिला आत न्यायला माणसे आली.

बाबा मला मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

आईला आता माणसे ओळखू येतात, अक्षरे मात्र नाहीत. मुलीने ऑपरेशनच्याच दिवशी पॉवर मॅनेजरला परत कामावर घेतले. बॅटरी थोडी उतरली की तो लगेच बोलतो. पण बाबांनी ते वाक्य पुन्हा लिहिले नाही. कधीकधी ते 'म'वर बोट ठेवतात, 'मला' लिहितात, आईकडे बघतात आणि पुसून टाकतात. मी पाहतो. मला वाचता येते ते फक्त बटण दाबल्यावर.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राचे ओझे जरूर उतरवा. पण जो गुपचूप उभा आहे त्याला काढण्याआधी, तो कशासाठी उभा आहे, हे नीट विचारा. आणि कुणाचे बोलणे पहिल्याच शब्दाशी थांबले, तर ते तुम्ही पुरे करू नका. आधी वायर शोधून आणा.