तिसरी हाक

मुशी माशाचं तेल कितीही घासलं तरी हातांना धरून राहतं.

जुन्या गावात दुपारची सावली गल्लीच्या एकाच बाजूला पडते, म्हणून सगळे एकामागे एक चालतात, मुंग्यांसारखे.

किल्ल्याच्या भिंती प्रवाळाच्या. कान लावला की आत समुद्र श्वास घेतो.

दाराबाहेरून ‘होदी’ म्हणायचं. आतून ‘करीबू’ आलं की उंबरा ओलांडायचा. तीनदा हाक देऊनही कोणी ओ दिली नाही, तर मुकाट परत फिरायचं. आत कोणी खोकताना ऐकू आलं तरीही.

एक माणूस दारावर तळवा टेकवून म्हणतो, ‘या घरातून तुला कोणी करीबू म्हणणार नाही.’

भरतीच्या पाण्यावर करवंट्या तरंगाव्यात तसं हे सगळं सकाळपासून बी तौहिदाच्या डोक्यात तरंगत होतं. तळवा टेकवणारा माणूस तिचा भाऊ अबूद. तेलाचा वास तिच्या नवऱ्याच्या हातांचा. नवरा लामू बेटावरचा, गलबतांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणारा. मोंबासातल्या व्यापाऱ्याच्या लेकीनं असल्या माणसाशी निकाह लावला, म्हणून अबूद तसं बोलला. लग्नानंतर ती एकदा माहेरी आली. रस्त्यात उभं राहून तीनदा हाक दिली. दारापलीकडे अबूद खोकला. ती जी फिरली, ती आजवर पुन्हा मोंबासाला आलीच नव्हती.

आता नवरा नव्हता, अबूदही नव्हता. घर पाडलं गेलं होतं. पण घराचं कोरीव दार बंदराजवळच्या एका नव्या, छोट्या संग्रहालयात उभं केलंय, असं अबूदच्या लेकीनं, लुलूनं फोनवर सांगितलं, आणि म्हातारी लामूहून होडीनं किनाऱ्याला येऊन बसमध्ये बसली. तिला एवढंच हवं होतं: कोणीतरी आतून बोलवावं, आणि त्या दारातून आपण बापाच्या घरात पाऊल टाकावं.

लुलूनं आधी तिला किल्ल्यात फिरवलं.

“किल्ला कुठं पळून जातोय का गं?” तोफेच्या सावलीत टेकत म्हातारी कुरकुरली.

“दार तरी कुठं पळतंय, आत्या?”

“दारं पळतात. आमचं नाही का पळालं, घर सोडून?”

संग्रहालयाच्या पुढच्या पायऱ्या पाहूनच तिचे गुडघे बोलायला लागले. तिथला पहारेकरी म्हणाला, “बी, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही. या माझ्यामागून.” त्यानं त्यांना बाजूच्या बोळातून नेलं. खोकी, फुटक्या चिनी बश्या, भिंतीला टेकवलेलं एक वल्हं. मग एक अंधारी, गार खोली. डोळ्यांत अजून उन्हाचे पिवळे मासे पोहत होते, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. तरी समोर मिटलेलं दार आहे हे तिला कळलं. दोन फळ्यांमधल्या फटीतून उजेडाची एक उभी दोरी लोंबत होती.

तिनं बुरखा सारखा केला. घसा साफ केला.

“होदी.”



“करीबू, आत्या, करीबू!” लुलू म्हणाली.

“गप गं. माझ्या शेजारी उभी राहून मला काय बोलावतेस?”

“बरं, मग पलीकडे जाऊन म्हणते.”

“आणि पलीकडे तू कोण लागून गेलीस? जन्म गेला आजोळी नैरोबीत, सातव्या मजल्यावर. त्या घरात कधी साधं पाणी प्यायलीस?”

पहारेकरी हसला. “बी, इथं सगळ्यांनाच करीबू आहे.”

“तुझं करीबू तिकिटाला आहे, बाळा.”

तिनं दुसरी हाक दिली. ती खोलीभर हिंडली आणि कुठंतरी जाऊन बसली.

तिसरी तिनं दिलीच नाही. ती दिली आणि उत्तर आलं नाही, तर फिरावं लागलं असतं; आणि या वयात फिरून ती पुन्हा कुठली यायला? पहारेकऱ्यानं स्टूल आणून दिलं. ती बसली. तिसरी हाक तिनं खडीसाखरेसारखी जिभेखाली धरून ठेवली.

बाहेर कॉफीवाला कप वाजवत गेला. उजेडाची दोरी जमिनीवरून सरकत तिच्या चपलेपर्यंत आली. घर हळूहळू जमू लागलं. ओट्यावर बाप तसबीहचे मणी ओढतोय, जिन्यावर ओल्या चुन्याचा वास, वरच्या खिडकीत आईचा हात. मग खोली नावेसारखी जराशी डुलली. पडू नये म्हणून तिनं आधारासाठी दाराकडे हात पुढं केला. दारावर पितळेच्या मोठाल्या घुंड्या होत्या, लहानपणी त्यांना धरूनच ती उभं राहायला शिकली होती. ती हातानं घुंडी शोधू लागली.

घुंडी नव्हती. कोरलेलं कमळ नव्हतं, मासा नव्हता, साखळी नव्हती. नुसतं गुळगुळीत, सपाट लाकूड. बोटं चाचपडत कडेला गेली आणि एका खोबणीत अडकली.

अडसराची खोबण. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर अडसर घालायचं काम तिचं असे.

“लुलू,” ती अगदी हळू म्हणाली, “आपण आत आहोत.”

“म्हणजे?”

“कोरीव अंग रस्त्याकडे असतं. हे आतलं. मुली, मी कधीची आत उभी राहून आत यायला मागतेय!”

लुलू हसली, मग आत्याचं तोंड पाहून थांबली.

तेवढ्यात दारापलीकडे पावलं वाजली. पोरांची कुजबुज, एका बाईचं दटावणं. पुढच्या पायऱ्यांवरून आलेलं कुठलं तरी कुटुंब असावं. बंद दार पाहून बाईला सवयीनं राहवलं नाही.

“होदी?”

पहारेकरी पुढं झाला. म्हातारीनं त्याला हातानंच अडवलं. ती स्टुलावरून उठली. दुसऱ्यांदा हाक आली. म्हातारी फळीवर तळवा टेकवून उभी राहिली, अबूद उभा राहिला होता तशी. एवढ्या जवळून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाईचा श्वास, पोराचं नाक ओढणं, वाट पाहणं.

“आत्या,” लुलू घाबरून म्हणाली, “बोल ना.”

“होदी,” बाहेरून तिसऱ्यांदा आलं, जरा पडेल आवाजात.

“करीबू,” बी तौहिदा म्हणाली, “करीबू, करीबू, या,” आणि तिनं फळी आपल्याकडे ओढली.

त्या घराला मागच्या गल्लीत आणखी एक दार होतं, आणि आई जिवंत होती तोवर त्याला कधी अडसर घातला जात नसे; अबूद खोकला त्या दिवशी मात्र ती पुढच्या दारावरूनच फिरली होती.