चंद्रीचं दूध

चंद्री गेली तेव्हा नुकतं फटफटत होतं. बदलापूर गावातल्या गोठ्यात आनंदा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याची ती एकच गाय.

पण अंबरनाथ पूर्वेला तेजल मॅडमचं लेकरू दुधासाठी खोळंबलं असणार. आनंदानं डोळे पुसले, वाटेत पिशवीचं दूध घेतलं, नेहमीच्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली त्यांच्या दारात ठेवून तसाच मागे फिरला. सकाळी सकाळी मरणाची बातमी कशी सांगायची?

याच मॅडमनी गोठ्यात येऊन चंद्रीसोबत फोटो काढले होते. ‘रानात चरणारी गाय, एकदम नॅचरल,’ असं अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. आणि कुरकुरही त्यांचीच. दुधाला वास येतो, साय पिवळी दिसते. अरे, रान खाल्लेल्या गाईच्या दुधाला रानाचा वास नाही येणार, तर काय अत्तराचा येणार?

दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगायला तो रिकाम्या हातानं गेला. त्यानं तोंड उघडण्याआधीच मॅडम हसत म्हणाल्या, “काका, कालचं दूध एक नंबर! अजिबात वास नाही. पिल्लूनं पहिल्यांदा अख्खा ग्लास संपवला. काल गाईला काय खायला घातलंत? आता रोज तेच घाला ना, प्लीज.”

“काल तिनं काहीच खाल्लं नाही, मॅडम,” तो म्हणाला.