नऊ सिनेमांतले तीन

डब्याचं झाकण उचललं, की बाई डोळे मिटायच्या, मान जरा खाली घालायच्या आणि एक लांब श्वास ओढून घ्यायच्या. आजही त्यांनी तसंच केलं. मग डोळे उघडून "छान आहे," म्हणाल्या आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं.

मुलीचं नाक लाल झालं होतं. हातात रुमालाचा बोळा होता.

"मला काही कळतच नाहीये, मावशी," ती नाक शिंकरत म्हणाली. "तीन दिवस सर्दीने नुसता वैताग आणलाय."

बाईंच्या जिवात जीव आला. सर्दी झालेलं माणूस पाहून इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

सिनेमांच्या त्या संग्रहालयात बाई सव्वीस वर्षं फिल्म तपासत होत्या. जुनी फिल्म आतून कुजायला लागली, की सगळ्यात आधी तिला सिरक्यासारखा आंबट वास सुटतो. डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी आधी. तेवढ्यात डबा बाजूला काढून नवी प्रत करून घेतली तर सिनेमा वाचतो. नाही तर तो जातोच, वर शेजारच्या डब्यांनाही नासवतो. हा वास ओळखणाऱ्या कागदाच्या पट्ट्या बाजारात मिळतात, पण साहेबांनी त्या कधी मागवल्याच नाहीत. "आमच्याकडे बाईंचं नाक आहे," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि बाईंना बोलावून दोन-चार डबे हुंगायला लावायचे. एकदा बंद कपाटासमोरून जाताना बाईंनी आतला आंबलेला डबा ओळखला होता. ती गोष्ट साहेबांनी इतक्यांदा सांगितली होती, की तिच्यातलं कपाट दर वर्षी थोडं लांब जायचं.

दोन वर्षांपूर्वी बाईंना ताप आला. दहा दिवसांनी ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. येईल पंधरा दिवसांत, असं वाटलं. मग महिना झाला, सहा महिने झाले. तपासणीच्या कार्डावर वासाच्या रकान्यात त्या प्रत्येक डब्यापुढे "नाही" लिहीत राहिल्या. त्यांना तर खरंच येत नव्हता. पहिल्या दिवशी या विचाराचं त्यांना हसूसुद्धा आलं होतं. नंतर कधी आलं नाही. कार्डं वाढत गेली तसं सांगायचं धाडस आटत गेलं.

आणि आता ही मुलगी आली होती. सिनेमाचा इतिहास शिकणारी, बडबडी, खांद्यावर भलीमोठी पिशवी. तिला एका थोर दिग्दर्शकाच्या नऊ सिनेमांतले तीन निवडून निबंध लिहायचा होता. संग्रहालयात सगळे त्याला नुसतं 'थोरले' म्हणायचे, आणि त्याच्या सिनेमांची नावंही कुणी घ्यायचं नाही. पुलाचा, मुक्या शिंप्याचा, दोघी बहिणींचा, दीपगृहाचा, असं चालायचं.

"सर म्हणतात, तीनच. आणि हेच का, ते सांगा. निवडण्यालाच अर्धे मार्क आहेत," मुलगी म्हणाली. "नवातले सहा टाकायचे म्हणजे सहा पोरं घराबाहेर काढल्यासारखं वाटतंय मला."

"पुलाचा घे की," बाई घाईने म्हणाल्या. त्याची नवी प्रत तापाच्या आधीच झाली होती. त्या डब्याला भ्यायचं कारण नव्हतं. "पुलाचा सगळे घेतात."

"म्हणूनच नको."

मुलीने त्या दिवशी मुक्या शिंप्याचा सिनेमा पाहिला, चार वेळा शिंकली, सहा पानं लिहिली आणि "परवा येते," म्हणून गेली.

संध्याकाळी नवऱ्याने चहा केला. नाक गेल्यापासून गॅसजवळ तोच असायचा. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला माणूस, कशाचंही हसं करायचा. पण दुधाचा कोळसा झाला आणि बायको दोन हातांच्या अंतरावर बसून शब्दकोडं सोडवत होती, त्या सकाळी तोही घाबरला होता.

"सांगून टाक ना आता," तो म्हणाला. "नाक गेलंय, नाक कापलेलं नाही."

"सांगितलं की कापलं जाईल ना." बाई चिडून म्हणाल्या. "दोन वर्षं खोटं लिहिलंय मी. दोन हजार डबे आहेत. त्यातले किती आंबले असतील, माहितीय तुम्हाला? मला नाही माहीत. तेच तर."

"त्या पोरीला कळलं तर?"

"सर्दी झालीय तिला."

"सर्दी काय, जन्मभर राहते?"

बाईंनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच पिऊन झाला होता. त्याला तसाही काही स्वाद नव्हता.

परवा मुलगी आली ती खडखडीत बरी होऊन. दोघी बहिणींचा सिनेमा काढायचा होता. या सिनेमाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. डब्यावर तांबड्या शाईत तसं लिहिलंही होतं. बाई फिल्म ठेवायच्या थंड खोलीतून डबे घेऊन आल्या. झाकण उचललं. डोळे मिटले, श्वास ओढला, आणि डोळे उघडायचा धीरच होईना.

"ई! मावशी, हा कसला वास?"

बाईंनी डोळे उघडले. मुलीने नाक मुरडलं होतं.

"औषधाचा," बाई म्हणाल्या. आवाज आपला नाहीच, असं त्यांना वाटलं. "फिल्म पुसायचं असतं एक."

"सिरक्यासारखा येतोय."

"तसंच असतं ते."

मुलीने मान डोलावली आणि वही उघडली. तिला काही खोटं वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या बाई सांगतायत म्हटल्यावर कशाला वाटेल? बाई रीळ फिल्म बघायच्या टेबलावर चढवायला लागल्या. आता हा एक डबा. याच्या शेजारी शिंप्याचा. त्याच्या शेजारी दीपगृहाचा. थोरल्यांचे नऊच्या नऊ सिनेमे एकाच मांडणीवर होते.

"काय नाव त्या औषधाचं?" मुलीने विचारलं. "निबंधात एक टीप टाकते. तुम्हाला आठवत नसेल तर जाता जाता साहेबांना विचारते."

"नको!"

मुलगी दचकली. बाईही दचकल्या, इतक्या मोठ्याने त्या ओरडल्या होत्या. औषधांची नावं त्यांना दहा ठाऊक होती. कुठलंही एक सांगितलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नजर झाकणावरच्या तांबड्या अक्षरांवर गेली.

"औषध नाही ते," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "सिनेमा नासतोय. आणि मला वास येत नाही गं. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही मी."

मुलीने वही मिटली. तिच्या बडबडीची बाईंना एवढी गरज कधी वाटली नव्हती.

"मग आता?" शेवटी तिने विचारलं.

"आता तू चल माझ्याबरोबर. तुझं नाक दे मला अर्धा तास."

थंड खोलीत दोघी मांडणीसमोर उभ्या राहिल्या. बाई एकेक झाकण उचलत, मुलगी वाकत. बाई डब्याकडे बघतच नव्हत्या, मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. परीक्षेचा निकाल वाचणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. पुलाचा, काही नाही. तळ्याचा, काही नाही. शिंप्याचा.

"येतोय. थोडा."

परवा हाच डबा उघडून बाईंनी "छान आहे," म्हटलं होतं. त्यांनी पुढचं झाकण उचललं. दीपगृहाचाही येत होता. बाकीचे सहा बरे निघाले. बाईंनी तिन्ही कार्डांवर "आहे" लिहिलं, आणि त्या साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. मुलगी न सांगता मागोमाग आली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"गेल्या महिन्यात मी पाहुण्यांना घेऊन आलो होतो, बाई."

"हो."

"आणि तुम्ही हुंगून दाखवलंत."

"हो, साहेब."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. "मीही त्या पट्ट्या मागवायला हव्या होत्या," ते म्हणाले. "पण ते माझं मी बघीन. चाव्या ठेवा."

बाईंनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. सव्वीस वर्षं कमरेला एका बाजूला ओझं होतं, ते गेल्यावर चालताना तोल जाईल की काय, अशी एक वेडी भीती त्यांना वाटून गेली.

"माझे तीन ठरले," दारातून मुलगी म्हणाली. "शिंपी, दीपगृह आणि दोघी बहिणी. हेच."

"अगं, ते आता प्रत करायला जातील," साहेब म्हणाले. "दोन वर्षं तरी परत दिसायचे नाहीत."

"शिंप्याचा पाहिलाय. दीपगृहाचा नाही पाहता आला तर का नाही आला, ते लिहीन. पण बहिणींचा... एकदा?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. पाठवण्याआधी ती रिळं उलगडून, फिल्म कुठे किती आखडली आहे ते बघावं लागणारच होतं. आणि ते करणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

"चालेल ती फिल्म?"

'छान आहे' हे शब्द बाईंच्या जिभेवर आले. त्या ते गिळून म्हणाल्या, "मोटर नाही लावायची. हाताने फिरवली तर चालेल बहुतेक. नक्की सांगत नाही."

"बघा मग. आजच्या दिवस."

टेबलाशी दोघी बसल्या. छोट्या काचेवर चित्र हलू लागलं. मुलगी काचेकडे बघत होती आणि बाई फिल्मच्या कडांकडे. कड जिथे लाटेसारखी झाली होती तिथे त्या हात सैल सोडायच्या, श्वास रोखायच्या, आणि चित्र पाण्यात बुडाल्यासारखं होऊन पुन्हा वर यायचं. पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. तुटली की संपलंच, एवढं एकच बाईंच्या डोक्यात घुमत होतं. मुलीची पेन्सिल भराभर चालत होती.

शेवटच्या रिळात धाकटी बहीण घराकडच्या रस्त्याला लागली, आणि बाईंच्या हाताला ओढ लागली. त्यांनी तत्क्षणी हात थांबवला. रिळाच्या पोटातली वेटोळी एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झाला होता. नखाने हळूच चाचपून पाहिलं. ओढली असती तर चित्राचा पापुद्राच निघून आला असता.

"काय झालं?"

"चिकटलीय. पुढे नाही जाणार."

"म्हणजे शेवट?"

"इथे आत आहे." बाईंनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "प्रत करणाऱ्यांना सुटला तर सुटला."

मुलगी काचेकडे बघत राहिली. धाकटी रस्त्यात पाऊल उचलून उभी होती. बाईंनी टेबलाचा दिवा मालवला. एका जागी उजेड पडून तेवढंही चित्र करपायला नको.

"मावशी, तुम्ही पाहिला असेल ना हा? पूर्वी?"

"एकदा. नोकरीला लागले त्या वर्षी."

"मग सांगा ना. काय होतं?"

बाईंनी डोळे मिटले. या वेळी कुणाला दाखवायला नाही. "धाकटी दाराशी येते. दार वाजवत नाही. आतून मोठी येते, तिच्या हातात..." त्या थांबल्या. "दिवा असावा. की पाण्याचा तांब्या. आणि मग दार..."

"उघडते?"

"उघडते, असं वाटतं मला."

मुलीने लिहायला सुरुवात केली. बाईंनी तिच्या वहीवर हात ठेवला.

"लिही. पण खाली हेही लिही, की सांगणाऱ्या बाईला नक्की आठवत नव्हतं."