दुसरी खूण

“चर्चचा मनोरा फुटक्या खडकावर आण. आणि मग तोंड शिवून टाक, पोरा.”

बाप जाऊन किती हिवाळे लोटले, तरी वल्ह्यांच्या चुबुकचुबुकीतला त्याचा तो घोगरा स्वर ऑरिनला आज बेटावरच्या सभागृहात लख्ख ऐकू आला. समोरच्या भिंतीवर हॉलिस नावाच्या चित्रकाराचं चित्र टांगलं होतं. टपालबोटीनं न्यूयॉर्कला जायच्या आधी बेटकऱ्यांनी बघावं म्हणून. काळ्या कातळावर फुटणारी लाट अशी, की पुढच्या बाकावरच्यांनी पाय वर घ्यावेत. आणि तिच्यामागे, जसाच्या तसा, फुटक्या खडकावर बसलेला पांढरा मनोरा.

सगळा उन्हाळा ऑरिननंच त्याला आपल्या होडीतून नेलं होतं. बापानं खुणा एका रेषेत आणून दाखवलेल्या त्या जागी, जिथं शेवंडं धरायचा पिंजरा कधी रिकामा वर येत नसे. “तुझी नजर चित्रकाराची आहे,” हॉलिस म्हणाला होता. असं आजवर ऑरिनला कुणी म्हटलं नव्हतं. “ही जागा कुणाला सांगायची नाही हं,” ऑरिननं बजावलं होतं. “शपथ!” आणि हॉलिसनं ती पाळली. सांगितलं नाही; रंगवून मोकळा झाला.

“काय ऑरिन,” मागून कुणीतरी खाकरलं, “सगळ्या गावाला जेवायला बोलावलंस की रे!”

सभागृह हसलं. लाटेचं कौतुक कुणाला? सगळ्यांचे डोळे मनोऱ्यावर. ऑरिनचा धाकटा भाऊ लायमन तेवढा हसला नाही. टोपी हातात धरून बघतच राहिला.

दुसऱ्या सकाळी ऑरिन त्या जागेकडे निघाला, तर वाटेतच पाण्यावर तांबडे-पांढरे बोये डुलत होते. बेटावर ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यांच्या बोयांचा रंग ठरलेला. हा लायमनचा. तो होडीतच होता, रिकामा पिंजरा मांडीशी घेऊन.

“परक्यानं गळा कापला, ते एक समजलं,” ऑरिन ओरडला. “पण तू? सख्खा भाऊ?”

“सख्खा?” लायमननं वर बघितलं. “बाबा गेले तेव्हापासून वाट बघतोय, आज सांगशील, उद्या सांगशील. आणि मला कळलं कुठं? भिंतीवर! एका उन्हाळ्याच्या पाहुण्याला होडीत बसवून आणलंस. मला एकदा तरी म्हणालास, ‘चल’?”

ऑरिनच्या ओठाशी बापाचा हुकूम आला आणि तिथंच विरघळला.

“घेतो काढून,” लायमन दोर ओढू लागला. “रिकामेच तर आहेत.”

रिकामे असणारच. तो मनोऱ्याच्या रेषेत बरोबर होता, पण किनाऱ्याकडे फार आत. चित्रात एकच बाजू मावली होती. त्या रेषेत कुठवर जायचं ते सांगणारी दुसरी खूण चित्रकाराच्या पाठीमागेच राहून गेली होती.

ऑरिननं वल्ही आत घेतली. दोन्ही होड्या एकमेकींना घासत हलत राहिल्या.

“लायमन,” तो हलकेच म्हणाला, “मागं वळून बघ. पलीकडच्या बेटावर जळक्या घराचं धुराडं आहे ना? ते टेकाडाआडून पुरतं बाहेर येईपर्यंत वल्हव.”