दोन मनोऱ्यांची वेस

कवळीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तीस वर्षं तिने लोकांच्या कवळ्या घडवल्या, म्हणून भाजीवाल्यापासून सख्ख्या बहिणीपर्यंत सगळे तिला तेच म्हणत. नाद मात्र तिला जुन्या नाण्यांचा होता, आणि तोही सोन्याचांदीच्या नव्हे. रोमच्या अंमलाखालच्या दूरदूरच्या शहरांनी एके काळी आपापल्या बाजारासाठी काशाची नाणी पाडली होती. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गावचं देऊळ, नदी नाहीतर वेस, आणि कडेने ग्रीक अक्षरांत गावाचं नाव. झिजलेली, हिरवी पडलेली ही नाणी व्यापारी मूठमूठभर विकत. कवळीबाईला त्यांचीच गोडी. सम्राट सगळीकडे तोच, गाव मात्र दरवेळी नवं भेटतं, असं ती म्हणे.

अशाच एका मुठीत तिला ते नाणं मिळालं. दोन मनोऱ्यांची वेस, अर्धं उघडं दार, आणि डाव्या मनोऱ्यापासून कडेपर्यंत केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ. पाडायचा ठसाच तिथे तडकलेला असणार. गावाच्या नावातली शेवटची चार अक्षरं तेवढी शिल्लक होती, आणि त्यांचा अर्थ एवढाच निघत होता : अमक्या-करांचं. म्हणजे आडनावातलं ‘कर’ राहिलं आणि गाव गेलं.

तिने ताडलं की हे एका मोठ्या बंदराचं नाणं. वहीत तसं शाईने लिहूनही टाकलं. पण ताडणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे तिलाही कळत होतं. त्याच तडकलेल्या ठशाचं दुसरं नाणं सापडलं आणि त्यावर नावाची सुरुवातीची अक्षरं शाबूत असली, तरच नाव कळणार. मग तिने दातांचं माप घ्यायच्या रबरी लगद्यात नाण्याचा साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि ती पांढरी प्रतिकृती पर्समध्ये टाकली. पाच वर्षं ती व्यापाऱ्यांच्या पेट्या उपसत राहिली. वेशी पुष्कळ भेटल्या. ती रेघ कुठे भेटली नाही.

शेवटी राहिलं संग्रहालय. तिथल्या नाणेविभागाचा प्रमुख हा मोजकं बोलणारा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. त्याने आधी पत्राला उत्तर दिलं नाही, मग नकार दिला. कवळीबाईने दर महिन्याला, खाली ‘कवळीबाई’ एवढीच सही करून, पत्र पाठवायचा नेम मोडला नाही. चौदाव्या पत्राला उत्तर आलं : मंगळवारी दोन तास, ‘गाव न लागलेली’ अशी चिठ्ठी असलेला खण, आणि पेनाऐवजी पेन्सिल.

तिसऱ्या मंगळवारी तिला नाणं मिळालं. तीच वेस, तीच रेघ. तिने प्लास्टरची प्रतिकृती शेजारी ठेवली, भिंग लावलं, आणि नाव वाचायला गेली. झिजलेलं काही नव्हतं, पण नावाच्या नेमक्या पहिल्या अर्ध्या भागावर दगडासारखा हिरवा थर चढला होता.

तिने सुईने तो काढायची परवानगी मागितली. प्रमुखाने मानेनेच नकार दिला. या आधी एकाने असंच साफ करायला घेऊन सम्राटाचं नाक उडवलं होतं, असं त्याने सांगितलं. पुन्हा विचारू नका, असंही म्हणाला.

ती पुन्हा विचारायला गेली नाही. पुढच्या मंगळवारी तिने स्वतःचं एक थर चढलेलं नाणं नेलं, त्याच्यासमोरच्या टेबलाशी बसली आणि दोन तासांत त्यावरचा गरुड पिसापिसासकट मोकळा केला. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरं नाणं. प्रमुख आपली कागदपत्रं चाळत असल्यासारखं दाखवी, पण चौथ्या खेपेला त्याची खुर्ची आपसूक जवळ सरकली होती. सहाव्या खेपेला तिने पर्समधून आपलं वेशीचंच नाणं काढलं. सम्राटाच्या डोळ्यावर थोडा थर होता. सहा वर्षांत तिने भीतीपोटी त्याला हात लावला नव्हता.

“हेही घासणार?” त्याने विचारलं. “बिघडलं तर?”

“बिघडलं तर माझं बिघडेल,” ती म्हणाली. “तुमचं मागते आहे, तर आधी माझं पुढे करायला नको?”

हात थरथरू नये म्हणून तिने कोपर टेबलाला टेकवलं. कवळीचे दात बसवताना टेकवायची तसंच. अर्ध्या तासाने सम्राटाचा डोळा उघडला, पापणीसकट. प्रमुख उठला, त्याने खण उघडला आणि संग्रहालयाचं नाणं तिच्यासमोर ठेवलं.

त्यावरचा थर काढायला तीन मंगळवार लागले. पहिलं अक्षर निघालं तेव्हाच तिला कळलं की हे बंदराचं नाव नाही. सुई तिने खाली ठेवली. सहा वर्षांची खात्री अशी टिचकीसरशी जाते तेव्हा बोचतंच. प्रमुखालाही दिसलं असावं, कारण त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग तिने सुई पुन्हा उचलली आणि उरलेली अक्षरं तितक्याच निगुतीने मोकळी केली.

गाव निघालं डोंगरातलं, लहानसं. कधीकाळी तिथे वस्ती होती एवढंच पुस्तकांना ठाऊक होतं. त्याने स्वतःचं नाणं पाडल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. प्रमुखाने ते नाव तीनदा मोठ्याने वाचलं. नव्या सूचीत नोंद करताना वाचणाऱ्याचं नाव द्यावं लागेल, असं तो म्हणाला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला तिचं खरं नाव विचारलं.

घरी थोरल्या बहिणीने दारातच विचारलं, लागलं का गाव?

“लागलं. मी म्हणत होते ते नव्हे.”

“म्हणजे सहा वर्षं भलत्याच पत्त्यावर राहिलीस की गं!”

कवळीबाई पोट धरून हसली. मग वही काढून तिने बंदराचं नाव एका रेघेत खोडलं. ते वाचता येईल इतपतच खोडलं. खाली नवं नाव लिहिलं, तारीख घातली आणि जेवायला बसण्यापूर्वी दुसऱ्या खणासाठीचा अर्ज लिहायला घेतला.